लघवीतील पांढऱ्या पेशी : आकडा वाचावा की माणूस?

लघवीच्या तपासणीचा कागद हाती आला, की डोळे प्रथम ठळक छापलेल्या आकड्यावर थांबतात. ‘पस सेल्स : १५ ते २०’. शेजारच्या रकान्यात बारीक अक्षरांत ‘० ते ५’ असे लिहिलेले असते. पस म्हणजे पू, हे प्रत्येकाला ठाऊक असते. मग घरात कुजबुज सुरू होते, की आजींच्या लघवीत पू झाला आहे. डॉक्टरांची वेळ संध्याकाळची, औषधाचे दुकान मात्र कोपऱ्यावरच. कोणीतरी कागद घेऊन दुकानात जातो आणि पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन परततो. ज्या आजींसाठी हे चालले आहे त्यांना त्रास तरी काय होतो आहे, हा प्रश्न या घाईत बहुधा कोणी विचारत नाही.

या अंकात त्या आकड्याविषयी लिहायचे आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील वाचकांना समोर ठेवून लिहीत आहे. येथील शेती, येथील पाऊस आणि येथील प्रवास यांचा या कागदाशी निकटचा संबंध आहे, तो कसा हे पुढे येईलच.

आधी त्या पेशींची ओळख करून घेऊ. अहवालात ‘पस सेल्स’, ‘डब्ल्यूबीसी’ किंवा ‘ल्युकोसाइट’ असे काहीही लिहिलेले असले, तरी अर्थ एकच : रक्तातील पांढऱ्या पेशी. शरीरात कोठे दाह होत असला, की या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पडून तेथे धाव घेतात. मूत्रपिंडापासून मूत्रमार्गाच्या टोकापर्यंत कोठेही दाह असला, तर त्या लघवीतून बाहेर येतात. हा दाह जंतूंनी केला, खड्याने केला, एखाद्या गोळीने केला की आत घातलेल्या नळीने केला, हे पेशींवरून कळत नाही. गल्लीत माणसे जमली आहेत एवढेच दिसावे, पण ती भांडणासाठी जमली की पालखीसाठी हे दुरून कळू नये, तसा हा प्रकार आहे.

प्रयोगशाळेत लघवीचा नमुना यंत्रात फिरवतात, तळाशी बसलेला गाळ काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या भिंगातून दिसणाऱ्या एका वर्तुळात किती पेशी आहेत ते मोजतात. ‘एचपीएफ’ म्हणजे ते वर्तुळ. लघवी किती घट्ट आहे, ती किती वेळ फिरवली, किती गाळ घेतला, या सर्वांवर आकडा बदलतो. ६ आणि ८ यांच्यातील फरकाला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. १० च्या वर आकडा गेला, तर मात्र दाह आहे असे बहुतेक डॉक्टर धरून चालतात. ‘भरपूर’ किंवा ‘वर्तुळ भरून’ असा शेरा असेल, तर तो अधिक गांभीर्याने घ्यावा. तरीही तो दाहाविषयीचा शेरा आहे, रोगाचे नाव त्यात नाही.

आता नमुन्याकडे वळू. चुकीच्या निदानांचे मोठे मूळ तेथे आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळतो.

खांडस किंवा कशेळ्याकडचे एखादे कुटुंब पहाटे नमुना घेते, तो पिशवीत ठेवते, सहाआसनीची वाट पाहते आणि कर्जतच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दोन-तीन तास निघून जातात. खालापूरच्या वाड्यांवरून खोपोलीला येणाऱ्यांची कथा निराळी नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्या बाटलीत जंतू झपाट्याने वाढतात आणि पांढऱ्या पेशी मात्र फुटून विरघळू लागतात. म्हणजे कल्चरमध्ये जंतू खोटेच वाढलेले दिसावेत आणि पेशी खोट्याच कमी दिसाव्यात, अशी दोन्हीकडून फसवणूक. यावर उपाय साधा आहे. शक्य असेल तर प्रयोगशाळेत किंवा आरोग्य केंद्रातच नमुना द्यावा. घरूनच न्यायचा असेल तर तो एक-दोन तासांत पोहोचवावा. ते शक्य नसेल तर फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे तर खाली, ठेवावा आणि नेताना बर्फाच्या पिशवीजवळ न्यावा. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली कितीही स्वच्छ दिसली, तरी या कामाची नाही.

नमुना घेण्याची पद्धत स्त्रियांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे, आणि आपल्याकडे ती संकोचापोटी कोणी नीट समजावून सांगत नाही. हात धुवावेत. लघवीची जागा साध्या पाण्याने पुढून मागे अशी धुवावी. साबण, डेटॉल काही नको. मग एका हाताने त्वचेच्या घड्या बाजूला धरून पहिली थोडी लघवी सोडून द्यावी, मधली धार बाटलीत घ्यावी आणि शेवटची पुन्हा सोडून द्यावी. बाटलीच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाला बोट लागू देऊ नये. पुरुषांनी पुढची त्वचा मागे घेऊन हेच करावे. गुडघेदुखीमुळे खाली बसता न येणाऱ्या आजींना एकटीने हे जमणार नाही. सुनेने किंवा लेकीने मदत करावी, आणि आजींनीही ती करून घ्यावी. योनीमार्गातील स्राव नमुन्यात मिसळला, तर त्यातील पांढऱ्या पेशीही मोजल्या जातात. अहवालात ‘एपिथेलियल सेल्स’ पुष्कळ असतील, तर त्वचेवरच्या पेशी नमुन्यात उतरल्या आहेत असे समजावे, आणि औषध सुरू करण्याआधी दुसरा नमुना द्यावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची लघवी बेडपॅनमधून ओतून किंवा डायपर पिळून घेतलेली असेल, तर त्या अहवालावर कोणताही निर्णय घेऊ नये.

आणखी एक. प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी कल्चरचा नमुना द्यावा. दोन गोळ्यांनंतर दिलेल्या कल्चरमध्ये जंतू उगवले नाहीत, तर ते नव्हतेच की गोळीने दबले, हे कोणीही सांगू शकत नाही.

नमुना निर्दोष आहे, पेशी वाढलेल्या आहेत, कल्चरमध्ये जंतूही निघाले, परंतु माणसाला काहीच त्रास नाही. वार्धक्यात हा प्रसंग इतका नेहमीचा आहे, की या सदराचा खरा विषय तोच म्हणावा लागेल. जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, नेहमीपेक्षा अधिक वेळा जावे लागत नाही. याला लक्षणविरहित जंतुमूत्र म्हणतात. सत्तरी ओलांडून स्वतःच्या घरी राहणाऱ्या स्त्रियांमध्ये साधारणपणे दहांपैकी एकीला किंवा त्याहून थोड्या अधिक जणींना ते असते. वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्या परावलंबी स्त्रियांमध्ये हे प्रमाण २५ ते ५० टक्के आणि पुरुषांमध्ये १५ ते ४० टक्के आढळले आहे. अशा वृद्धांपैकी दहांतील सुमारे नवांच्या लघवीत पांढऱ्या पेशीही सापडतात. म्हणजे ‘पस सेल्स आहेत, म्हणून औषध हवे’ हे सूत्र लावले, तर कित्येक निरोगी वृद्धांना जन्मभर गोळ्या द्याव्या लागतील.

आणि त्या देऊन लाभ काय? पुन्हा पुन्हा झालेल्या अभ्यासांतून दिसले ते असे, की लक्षणे नसताना दिलेल्या प्रतिजैविकांनी वृद्धांचे आयुष्य वाढत नाही, पुढे होणारे आजार टळत नाहीत, आणि काही आठवड्यांत जंतू परत येतात. येताना ते त्या औषधाला सरावलेले असतात. मधुमेही माणसांनाही हेच लागू आहे. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगितले आहे. अपवाद दोन : गर्भवती स्त्रिया, आणि ज्यांच्या मूत्रमार्गात दुर्बीण घालून रक्तस्राव होऊ शकेल अशी शस्त्रक्रिया व्हायची आहे असे रुग्ण, उदाहरणार्थ प्रोस्टेटची. त्यांना लक्षणे नसली तरी उपचार लागतो. बाकीच्यांनी ‘सहज म्हणून’ लघवी तपासू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाच्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजात ती आलीच, तर तिच्यातील साखर आणि प्रथिने यांकडे जरूर पाहावे. पेशींचा आकडा डॉक्टरांना दाखवावा आणि त्रास नसेल तर विसरून जावा.

येथे शुश्रूषा करणाऱ्या वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. म्हातारी माणसे त्रास सांगतात तरी कोठे? आजोबा कालपासून असंबद्ध बोलत आहेत, रात्री उठून दार उघडायला जातात, नातवाला ओळखत नाहीत. लघवी तपासली तर पस सेल्स १५. झाले, कारण सापडले!

कारण सापडले असे वाटते, हाच धोका आहे. त्या आजोबांच्या लघवीत त्या पेशी गेल्या वर्षीही असतील. तेव्हा कोणी पाहिल्या नव्हत्या एवढेच. अचानक आलेल्या गोंधळलेपणाची कारणे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात पाणी कमी पडणे, रक्तातील सोडिअम उतरणे, साखर फार खाली किंवा वर जाणे, झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी सुरू होणे, चार दिवस पोट साफ न होणे, लघवी तुंबून मूत्राशय फुगणे, छातीत कफ होणे, पडल्यावर डोक्याला लागलेला मार, पक्षाघाताचा लहानसा झटका. लघवीच्या कागदावर बोट ठेवून आपण थांबलो, तर यांपैकी खरे कारण तसेच राहते आणि दोन दिवस हातचे जातात. त्याच सूचनांत असेही म्हटले आहे, की ताप नाही, लघवीची लक्षणे नाहीत आणि प्रकृती ढासळलेली नाही, अशा गोंधळलेल्या वृद्धाला लगेच प्रतिजैविक देण्यापेक्षा इतर कारणे शोधावीत आणि त्याच्यावर बारीक लक्ष ठेवावे. लक्ष ठेवणे म्हणजे काहीच न करणे नव्हे. पाणी, साखर, रक्तदाब, औषधांची यादी, पोट, मूत्राशय हे सारे त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहिले पाहिजे.

लघवीचा रंग गडद झाला किंवा वास उग्र येऊ लागला, एवढ्यावरूनही जंतुसंसर्ग ठरत नाही. पाणी कमी पडले तरी तसे होते.

मग खरा संसर्ग कशावरून ओळखावा? लघवी करताना नव्याने होणारी जळजळ, ज्याला आपल्याकडे उन्हाळी लागणे म्हणतात. एकाएकी वारंवार जावे लागणे, धीर न धरवणे, पूर्वी नव्हते ते कपडे ओले होणे, ओटीपोटात दुखणे, लघवीत रक्त. ‘नव्याने’ या शब्दाला फार महत्त्व आहे. दहा वर्षांपासून रात्री चार वेळा उठणाऱ्या आजोबांचे पाचवे उठणे निराळे, आणि कालपर्यंत शांत झोपणाऱ्या आजींचे उठणे निराळे. अशी लक्षणे आणि पेशी दोन्ही असतील, तर उपचार हवाच. यापुढची पायरी म्हणजे थंडी वाजून ताप, कुशीत किंवा बरगडीखाली पाठीत दुखणे, उलट्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याची ही चिन्हे आहेत. गुंगी, धाप, हातपाय गार पडणे, रक्तदाब उतरणे, लघवी फार कमी किंवा बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. वृद्धांना अशा अवस्थेत ताप येतोच असे नाही, उलट अंग गारही पडते. मधुमेही माणसाच्या कुशीत दुखून ताप आला, तर त्याला घरी ठेवून गोळ्या देण्याचा प्रयोग करूच नये.

पुरुषांविषयी एक वाक्य वेगळे लिहायला हवे. साठीनंतरच्या पुरुषाला लघवीचा संसर्ग झाला, की तो का झाला हे शोधले पाहिजे. बहुधा प्रोस्टेट वाढून मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसते. लघवी करून आल्यानंतर आत किती उरते ते सोनोग्राफीत कळते. ती तपासणी मागून घ्यावी.

आता उलट बाजू. पेशी भरपूर, पण कल्चरमध्ये जंतू नाहीत. कागदावर ‘नो ग्रोथ’ वाचून काही घरांत सुटकेचा निःश्वास टाकला जातो, तर काही ठिकाणी दुसरे, त्याहून जहाल प्रतिजैविक सुरू होते. दोन्ही घाईचे आहे.

मूतखडा असू शकतो. भातखाचरात आणि वीटभट्टीवर घाम गाळणाऱ्यांच्या या भागात तो विरळ नाही. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी, क्वचित आम्लपित्ताच्या रोजच्या गोळीनेही मूत्रपिंडात दाह होऊ शकतो. औषधे सांगताना म्हणूनच अंगदुखीची गोळी ‘ती काही औषध नव्हे’ म्हणून वगळू नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या माणसाच्या लघवीत पेशींबरोबर रक्त वारंवार येत असेल, डोळ्यांना दिसो वा केवळ कागदावर, तर मूत्राशयाचा कर्करोग नाही ना हे पाहिलेच पाहिजे. ‘इन्फेक्शन आहे’ म्हणत सहा महिने गोळ्या बदलत राहणे, यात त्या रुग्णाची बरे होण्याची वेळ निघून जाते.

क्षयरोगही आहे. मूत्रपिंडाचा क्षय फुप्फुसाच्या क्षयानंतर कित्येक वर्षांनीही डोके वर काढतो आणि नेहमीच्या कल्चरमध्ये त्याचे जंतू उगवत नाहीत. बारीक ताप, वजन घटणे, वारंवार लघवी, पेशी भरपूर आणि कल्चर कोरे, असे चित्र असेल तर सलग तीन सकाळच्या लघवीची क्षयासाठी वेगळी तपासणी करतात. क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमात विनामूल्य मिळतात. येथे एक बारकावा लक्षात असू द्यावा : लघवीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या काही प्रतिजैविकांचा क्षयाच्या जंतूंवरही थोडा परिणाम होतो. त्याने रोग बरा होत नाही, फक्त दबतो, आणि निदान लांबते.

आणि लेप्टोस्पायरोसिस. कोकणपट्टीतील वाचकाला या नावाची ओळख करून देण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या तापाची मोठी साथ आली होती, तेव्हापासून तो घरोघर माहीत झाला. परंतु पुराशिवायही तो येतो, आणि रायगडच्या भातशेतीत त्याला लागणारे सर्व काही आहे : उंदीर, गुरे, चिखल, आणि त्या चिखलात दिवसभर अनवाणी उभी असलेली माणसे. या रोगाचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात ठाण मांडतात, त्याच्या लघवीतून पाण्यात उतरतात आणि माणसाच्या पायावरील चिरेतून, भेगेतून किंवा डोळ्यांच्या नाजूक त्वचेतून आत शिरतात. लावणीच्या दिवसांत चिखल्या झालेल्या पायांना तर दारच उघडे असते. शिरल्यानंतर बहुधा ५ ते १४ दिवसांनी एकाएकी भरून ताप येतो, डोके ठणकते, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते.

या तापात मूत्रपिंडाला दाह होतो, त्यामुळे लघवीत पांढऱ्या पेशी, प्रथिने आणि कधी लाल पेशीही दिसतात. नेहमीच्या कल्चरमध्ये मात्र हे जंतू उगवत नाहीत. येथेच घात होतो. जुलै-ऑगस्टमध्ये ताप आलेल्या साठीच्या शेतकऱ्याच्या अहवालात ‘पस सेल्स : १० ते १२’ दिसतात, लघवीचा संसर्ग असे निदान होते, त्याची गोळी सुरू होते आणि पाचव्या दिवशी डोळे पिवळे घेऊन तो परत येतो. सुरुवातीलाच ओळखला, तर हा रोग डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधांना दाद देतो. उशीर झाला, तर मूत्रपिंड आणि फुप्फुसे निकामी होऊन प्राणावर बेतते. त्याची रक्ततपासणी पहिल्या काही दिवसांत खोटी निर्दोष येऊ शकते, म्हणून डॉक्टर संशयावरूनही औषध सुरू करतात. ते योग्यच आहे. तुमचे काम एवढेच, की ताप आलेला माणूस गेल्या पंधरवड्यात कोठे कोठे उतरला होता ते आपण होऊन सांगावे. खाचरात, गोठ्यात, ओढ्यावर की पुराच्या पाण्यात, हे डॉक्टरांना लघवीच्या कागदात दिसत नाही. आजोबा आता लावणीला जात नाहीत, परंतु गोठ्यात शेण काढायला रोज जातात, हीही माहितीच आहे. पायाला जखम असताना चिखलात उतरणे भाग असेल, तर प्रतिबंधक गोळीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

काही दवाखान्यांत लघवीत कागदी पट्टी बुडवून दोन मिनिटांत उत्तर देतात. त्यात पांढऱ्या पेशींतील एका विकराचा रंग आणि जंतूंनी तयार केलेल्या नायट्राइटचा रंग असे दोन चौकोन पाहतात. नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात सुमारे चार तास थांबावी लागते, आणि सर्वच जंतू ते तयार करत नाहीत. त्यामुळे अर्ध्या अर्ध्या तासाने जाणाऱ्या आजींमध्ये तो चौकोन फसवा कोरा राहू शकतो. दोन्ही चौकोन कोरे असतील तर संसर्गाची शक्यता कमी, हा या पट्टीचा मुख्य उपयोग. दोन्ही रंगले म्हणून लक्षणांशिवाय गोळ्या घ्यायच्या, असा मात्र नव्हे.

औषधांविषयी. प्रतिजैविकाच्या पट्टीवर पाठीमागे उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी ती खूण. वृद्धांच्या बाबतीत ती खूण दुप्पट खरी आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातील औषधांनी वृद्धांच्या टाचेचा स्नायुबंध दुखावतो, क्वचित तुटतोही. साखर खाली-वर होते आणि डोक्यात गोंधळही उडतो. म्हणजे ज्या गोंधळासाठी गोळी दिली, तोच वाढायचा! को-ट्रायमोक्साझोलने काही रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर रक्तातील पोटॅशिअम वाढते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम या दोन्ही औषधांनी वाढू शकतो. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला उत्तम, परंतु मूत्रपिंडे मंदावली असतील तर ते चालत नाही, आणि त्याने लघवी तपकिरी होते हे आधी सांगितले नाही तर घर घाबरते. क्रिएटिनिनचा जुना अहवाल म्हणूनच सोबत न्यावा. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी ज्यांच्या नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होतो, त्या लघवीतून साखर बाहेर टाकतात; त्यामुळे जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊन खाज आणि जळजळ होऊ शकते. त्यावरचा उपचार निराळा आहे. औषधाचा क्रम पूर्ण झाला आणि त्रास थांबला, तर ‘पेशी गेल्या का’ हे पाहायला पुन्हा लघवी तपासण्याची सर्वसाधारणपणे आवश्यकता नसते. त्या न गेलेल्या दिसतात आणि सारे चक्र पुन्हा सुरू होते.

आता पाणी. कर्जत ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे १०० किलोमीटर, दोन तासांचा लोकलचा प्रवास, आणि लोकलमध्ये शौचालय नसते. खोपोलीहून निघालेल्यांचा प्रवास त्याहून लांब. मोठ्या रुग्णालयात दाखवायला निघालेल्या कितीतरी आजी आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. वाड्यांवर, जेथे मे महिन्यात हंडा डोक्यावरून आणावा लागतो, तेथे तर म्हातारी माणसे स्वतःच्या वाट्याचे पाणी आपणहून कमी करतात. हा संयम मूत्राशयाला मानवत नाही. वारंवार संसर्ग होणाऱ्या, एरवी पाणी कमी पिणाऱ्या तरुण स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी अधिक प्यायल्यावर त्रास जवळजवळ निम्म्यावर आला, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. वृद्धांसाठी हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्यांनी किती प्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे. प्रवासात थोडे थोडे प्यावे, गाडीत बसण्यापूर्वी स्थानकावर जाऊन यावे, मध्ये कल्याणला किंवा ठाण्याला उतरावे लागले तर उतरावे. दहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी, ताक ही उन्हाळ्यातील पेये घ्यायला हरकत नाही. त्यांनी पोटात पाणी जाते आणि जळजळ सौम्य वाटते. जंतू मात्र त्यांनी मरत नाहीत. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी नारळपाणी विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशिअम पुष्कळ असते. पाळी गेल्यानंतर वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांसाठी योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी ठरते. लाजेमुळे याविषयी विचारले जात नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे. बद्धकोष्ठाकडेही लक्ष द्यावे. भरलेले आतडे मूत्राशयाला नीट रिकामे होऊ देत नाही.

शेवटी नळी घातलेल्या रुग्णांविषयी, कारण त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांची सर्वाधिक धांदल होते. मूत्राशयात नळी असली, की दर दिवशी सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू शिरतात. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतूही असतात आणि पांढऱ्या पेशीही. म्हणून नळी असलेल्या माणसाची लघवी लक्षणांशिवाय तपासण्यात अर्थ नाही. ताप, थंडी, कुशीत दुखणे किंवा एकाएकी ढासळलेली प्रकृती असेल तरच तपासावी, आणि तोही नमुना पिशवीतून कधीच घेऊ नये. नळी जुनी असेल तर परिचारिकेकडून ती बदलून, नव्या नळीतून घ्यावा. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, परंतु जमिनीला न टेकता टांगावी. नळीला पीळ पडू देऊ नये. पिशवी रिकामी करण्यापूर्वी आणि नंतर हात धुवावेत. आणि दर भेटीत डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा : नळीची अजून गरज आहे का? पुष्कळदा ती केवळ कोणी काढायला सांगितली नाही म्हणून राहिलेली असते.

दवाखान्यात जाताना लघवीच्या अहवालाबरोबर एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्याव्यात : कोणता त्रास केव्हापासून नव्याने सुरू झाला, घरी मोजलेला ताप, चालू असलेल्या सर्व गोळ्या, आणि नमुना कसा व किती वाजता घेतला.